व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, तरी बाथरूमची ओल परत परत येते? टाइल फोडण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, भिंतीला फरशीपासून वीत-दोन वीत उंचीपर्यंत फुगे येतात. रंगाचे पोपडे सुटतात, हात फिरवला की पुट्टीची पांढरी भुकटी बोटांना लागते. पेंटर येतो, खरवडतो, पुट्टी मारतो, वरून ओल अडवणारा प्रायमर लावून जातो. पाच-सहा महिने बरे जातात आणि पुन्हा त्याच जागी तेच फुगे. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: "टाइल्सच हलक्या निघाल्या."

मी नागपुरात फरशीच्या कामांवर देखरेख करतो. ही तक्रार मी इतरांच्या घरी खूप पाहिली, पण तिचा खरा त्रास कळला तो मानेवाड्याच्या आमच्या स्वतःच्या घरात. आमच्या बाथरूमच्या पाठीला देवघर आहे. त्या भिंतीला आम्ही तीनदा रंग दिला. तिसऱ्यांदा फुगे आले तेव्हा आई म्हणाली, "आता रंग नको देऊस, आधी पाणी कुठून येतंय ते सांग." हे लिहितोय ते त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे केलं त्यावरून.

टाइल पाणी पिते का? घरच्या काट्यावर बघा

दुकानात पोर्सलीन म्हणा किंवा व्हिट्रिफाइड, मुद्दा एकच. माती, फेल्डस्पार आणि सिलिका यांचं मिश्रण दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. फेल्डस्पार वितळून काचेसारखं होतं आणि आतली छिद्रं भरून टाकतं. आंतरराष्ट्रीय मानकात पोर्सलीनसाठी पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या ०.५ टक्के आहे. भिंतीच्या साध्या चकचकीत सिरॅमिक टाइलचं शोषण १० टक्क्यांच्या वर असतं. दोन्हींचा चेहरा सारखाच गुळगुळीत असल्यामुळे लोकांची फसगत होते.

आमच्याकडे माळ्यावर दोन्हींचे तुकडे पडले होते. दिवसभर एप्रिलच्या उन्हात वाळवले, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलले आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी फडक्याने पुसून परत तोलले. फरशीच्या व्हिट्रिफाइड तुकड्याचं वजन ६४० ग्रॅमचं ६४१ झालं. भिंतीच्या टाइलचा तुकडा ४१० वरून ४६० वर गेला. काटा नसेल तर टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचा थेंब टाका. भिंतीच्या टाइलवर तो बघता बघता आत जिरतो, व्हिट्रिफाइडवर न जिरता तसाच राहतो.

म्हणजे आमची टाइल निर्दोष होती. तुमचीही बहुधा असेल. मग पाणी जातं कुठून?

८२ फूट जॉइंट

आमचं बाथरूम ५ फूट बाय ७ फूट. फरशीला फूट बाय फुटाच्या टाइल्स. मी टेप घेऊन बसलो. जॉइंटच्या, म्हणजे दोन टाइल्समधल्या फटीच्या, ७ फुटांच्या चार ओळी, ५ फुटांच्या सहा ओळी, आणि चारही भिंतींच्या कडेने २४ फूट. एकूण ८२ फूट जॉइंट. टाइल पाणी पीत नसली तरी ही ८२ फुटांची सिमेंटची रेघ पिते. सिमेंटचं साधं ग्राउट, म्हणजे जॉइंटमध्ये भरतात तो मसाला, सच्छिद्रच असतं, ते पाणी थांबवण्यासाठी बनलेलंच नाही. पाणी थांबवायचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं. जॉइंट शाबूत असेल तर जाणारं पाणी थोडं असतं आणि वॉटरप्रूफिंग ते सांभाळून घेतं. जॉइंट पोकळ झाला की रोजच्या चार अंघोळींचं पाणी खाली उतरायला लागतं.

खाली काय असतं, तेही बघा. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा खाली घेतात, पाइप बसवून वर विटांचे तुकडे भरतात आणि कोबा करतात. वॉटरप्रूफिंग त्या भरावाच्या वर नीट झालेलं नसेल, तर हा भराव म्हणजे टाइलखालचं टाकंच. एकदा भरलं की त्यातलं पाणी बाजूच्या विटांच्या भिंतीत शिरतं आणि वातीतून तेल चढावं तसं वर चढतं. म्हणूनच ओल फरशीवर दिसत नाही, पलीकडच्या खोलीत दिसते. आणि म्हणूनच "आठ दिवस बाथरूम बंद ठेवलं तरी भिंत ओलीच आहे" असं लोक सांगतात तेव्हा ते खरं असतं. टाकं आठ दिवसांत रिकामं होत नाही.

जॉइंट पोकळ कशाने होतो: ॲसिडची बाटली

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण नागपुरातल्या निम्म्याहून जास्त घरांत मला हेच कारण सापडलं आहे आणि कुणालाच त्याचा संशय येत नाही.

नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं येतं, पण अनेक घरांत वापराला बोअरचं पाणीही असतं, आणि ते जड असतं. ते वाळलं की टाइलवर पांढरट थर राहतो. थर साबणाने जात नाही. मग दर रविवारी कोपऱ्यातली ॲसिडची बाटली निघते. फस्स करून फेस येतो, टाइल लखलखते, मन प्रसन्न होतं. टाइलला त्या ॲसिडचं खरंच फारसं काही होत नाही. पण तो फेस फक्त क्षारांचा नसतो, जॉइंटमधलं सिमेंटही त्यात विरघळत असतं. दर आठवड्याला थोडं थोडं. दोन-तीन वर्षांत जॉइंट टाइलच्या पातळीपेक्षा खाली बसतो आणि आत नुसती वाळू उरते.

तपासायला एक सेफ्टी पिन पुरे. नहाणी ट्रॅपजवळच्या (फरशीवरचं पाणी बाहेर जातं ते जाळीचं तोंड), म्हणजे जिथे ॲसिड सगळ्यात जास्त वेळ थांबतं त्या जॉइंटमध्ये टोक दाबून ओढा. चांगल्या ग्राउटवर नुसता ओरखडा उठतो. आमच्याकडे पिन सरळ ५ मिमी आत गेली आणि टोकाला ओली, राखाडी वाळू आली. दाराजवळच्या जॉइंटमध्ये, जिथे ॲसिड पोचत नव्हतं, तीच पिन आत शिरेना. देवघराची भिंत नेमकी ट्रॅपच्या बाजूची.

वहिनीला हे दाखवलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. तिची चूक नव्हती. बाटलीवर टाइल स्वच्छ करण्यासाठीच असं लिहिलेलं असतं, जॉइंटचं कुणी सांगतच नाही. आता आमच्याकडे अंघोळीनंतर वायपर मारून फरशी कोरडी करतात, त्यामुळे थर बसतच नाही. बसलाच तर आधी जॉइंट साध्या पाण्याने भिजवायचे, म्हणजे ते आधीच भरलेले राहतात, मग पातळ केलेलं व्हिनेगर फक्त टाइलवर फडक्याने लावायचं आणि लगेच धुवायचं. ज्या घरात ॲसिड सोडवत नाही त्यांना एक हात जोडून विनंती: ॲसिड आणि ब्लीचिंग एकाच वेळी, एकाच बादलीत कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

पाणी नेमकं कुठून जातंय, ते कसं ओळखायचं

पहिलं काम पेन्सिलचं. ओल भिंतीवर जिथपर्यंत आहे तिथे रेघ काढा आणि बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. ओल वाढतेय, थांबलीय की उतरतेय, हे अंदाजाने कधीच कळत नाही. प्रत्येक तपासणीनंतर भिंतीला उत्तर द्यायला निदान आठवडाभर वेळ द्या.

दुसरं, ओल कोणत्या महिन्यात वाढते ते आठवा. बारा महिने सारखी असेल तर पाण्याच्या लाइनवर किंवा ड्रेनेजवर संशय घ्या. फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. फक्त एप्रिल ते जून असेल तर बाथरूमला सोडा आणि कूलर बघा. खिडकीत लावलेल्या कूलरची टाकी ओसंडते किंवा खसाच्या ताट्यांवरून थेंब थेंब गळतं, पाणी खिडकीच्या खालून भिंतीत जातं आणि स्कर्टिंगपाशी बाहेर येतं. एका घरी याच पाण्यासाठी बाथरूम फोडायची तयारी झाली होती. कूलरचा पाइप अर्धा फूट लांब केला आणि काम झालं.

लाइनचा संशय असेल तर रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, फ्लशचाही कॉक बंद करा. गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पाण्याची खोली मोजा आणि पहाटे परत मोजा. उतरली असेल तर प्लंबरकडून लाइन दाबाखाली तपासून घ्या. टाइलला हात लावायची गरजच नाही.

लाइन ठीक निघाली तर फरशीवर पाणी भरून ठेवायची चाचणी. नहाणी ट्रॅपची जाळी काढा, प्लास्टिकच्या पिशवीत फडकं कोंबून बोळा करा आणि ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा. फरशीवर इंचभर पाणी भरा. आमच्या ३५ चौरस फुटांना मोठ्या चार बादल्या लागल्या. पाणी उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नका. भिंतीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा, २४ तास दार बंद. आणि हे विसरू नका: शेजारी एका परातीतही तेवढंच पाणी भरून तिच्या आत तशीच खूण करा. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी हवेतच इतकं उडतं की परात नसेल तर चांगल्या फरशीलाही गळकी ठरवाल. दोन्हीकडे पातळी सारखी उतरली तर फरशी ठीक. फरशीवरचं पाणी जास्त उतरलं तर जितके मिलिमीटर जास्त, तितकं खाली गेलं. आमच्याएवढ्या बाथरूममध्ये १ मिमी म्हणजे सुमारे सव्वातीन लिटर. आमच्याकडे परातीपेक्षा ४ मिमी जास्त उतरलं होतं.

फरशी पास झाली तर बोळा काढा, फरशी कोरडी करा आणि पाइप थेट ट्रॅपच्या आत धरून चार-पाच बादल्या सोडा. त्यानंतर भिंतीची रेघ पुढे सरकली तर दोष ट्रॅपच्या मानेपाशी आहे. प्लास्टिकचा ट्रॅप आणि भोवतालचं काँक्रीट एकजीव होत नाही, तिथे केसाएवढी फट पडते, आणि बाथरूमचं सगळं पाणी तिथूनच जात असतं. तीही निर्दोष निघाली तर शेवटी फक्त भिंतीच्या टाइल्सवर शॉवर मारून बघा.

दुरुस्ती: कुठे थांबायचं आणि कुठे फोडायचं

फक्त जॉइंट गेले असतील तर टाइल फोडू नका. पण जुन्या ग्राउटवरच नवीन व्हाइट सिमेंट घासणं म्हणजे पैसे पाण्यात. वरचा तो पापुद्रा महिन्याभरात सुटतो, आणि ओल "परत परत" येते ती इथूनच. जुनं ग्राउट टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश तरी खरवडून काढायला हवं, ८ मिमीची टाइल असेल तर ५-६ मिमी. मग बाथरूम निदान तीन दिवस बंद, पंखा लावून कोरडं. नवीन भरायचं ते इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं); ओल्या जॉइंटला ते धरत नाही, आणि घाई झाली की सगळं फसतं ते इथेच. इपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही आणि सिमेंटपेक्षा ॲसिडलाही जास्त टिकतं. उन्हाळ्यात काम असेल तर सकाळी लवकर सुरू करा आणि थोडं थोडंच कालवा. ४४-४५ अंशांत इपॉक्सी हातातल्या हातात घट्ट होतं, आणि टाइलवर वाळलेला त्याचा चिकट थर नंतर काही केल्या निघत नाही.

भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. तिथे दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, कडक वस्तू तडकणारच.

ट्रॅपच्या मानेचा दोष असेल तर भोवतालच्या चार टाइल्स काढून ती जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरून वॉटरप्रूफिंग ट्रॅपच्या काठापर्यंत न्यावं लागतं.

आणि जॉइंट चांगले असूनही पातळी उतरत असेल किंवा टाइलवर टकटक केल्यावर ठिकठिकाणी पोकळ आवाज येत असेल, तर मात्र फोडण्याला पर्याय नाही. त्या वेळी वरवरच्या केमिकलवर अजून एक हंगाम घालवू नका. आमच्याकडे ट्रॅपच्या बाजूच्या नऊ टाइल्स निघाल्या. मिस्त्रीकाकांनी पहिली टाइल उचलली आणि मला बोलावलं, "भाऊ, हे पाहा." टाइलच्या पाठीवर सिमेंटचा कणही नव्हता, नवी कोरी पाठ. खालच्या मसाल्यावर तिच्या नक्षीचा ठसा उमटलेला आणि त्या ठशात पाणी साचलेलं.

याचं कारण टाइलच्या गुणातच आहे. जुनी पद्धत म्हणजे टाइल पाण्यात भिजवायची, पाठीला सिमेंटचा लेप लावायचा आणि ठोकून बसवायची. भिंतीची टाइल त्या लेपातलं पाणी ओढते आणि सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. व्हिट्रिफाइड काही ओढतच नाही, मग सिमेंट पकडणार कशाला? तिला भिजवण्यातही काही अर्थ नाही. तिला पॉलिमर असलेलं टाइल ॲडहेसिव्हच हवं. पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि व्हिट्रिफाइडसाठी असल्याचा उल्लेख बघून घ्या. ते दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरायचं. पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबली की मधल्या पोकळीत पाणी राहायला जागाच मिळते.

नव्याने करताना उरलेल्या गोष्टी थोडक्यात. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या उंचीपर्यंत. टाइल बसवण्याआधी वरची २४ तासांची चाचणी परत करून घ्या, ठेकेदार कितीही घाई करो. ढाळ फुटाला ३ ते ४ मिमी, म्हणजे ७ फुटांत जवळजवळ इंच. छोट्या बाथरूममध्ये २ बाय २ फुटांच्या टाइल्स दिसायला सुंदर, पण त्यांना चारही बाजूंनी ट्रॅपकडे वळवता येत नाही, पाणी कोपऱ्यात तुंबतं. मी फूट बाय फुटाचीच आणि खरखरीत पृष्ठभागाची घ्यायला सांगतो.

ओल नसून दुसरंच काही असेल तर

पावसाळ्यात तळमजल्याची फरशी सकाळी घामेजलेली दिसते, पुसली की परत येते. तिथे चौरस दीड फुटाचं प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून दिवसभर ठेवा. प्लास्टिकच्या वर थेंब आले तर ती हवेतली वाफ आहे. खोली बंद करून दमट हवेत कूलर चालू ठेवला की हे होणारच. खिडकी उघडा, कूलरचा पंप बंद ठेवा. जुनी शहाबादी ही ओल थोडीफार पिऊन घ्यायची, व्हिट्रिफाइड ती वरच दाखवते. प्लास्टिकच्या खाली थेंब आले तर पाणी जमिनीतून, जॉइंटमधून वर येतंय, आणि तो प्रश्न जोत्याच्या वॉटरप्रूफिंगचा आहे.

जॉइंटवर पांढरी बुरशीसारखी रेघ दिसते ती बुरशी नव्हे. खालच्या सिमेंटमधला चुना पाण्यासोबत वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा होतो. घासून जाईल, पण परत आली तर खाली पाणी आहे असं समजा.

तळमजल्यावर टाइल्सना आडवी-तिडवी चीर गेली असेल तर पायाखालची माती विचारा. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे टाइल बदलून उपयोग नाही, आधी भराव बघावा लागतो.

रंग कधी द्यायचा

आमचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपलं. पेंटर दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला, मी थांबवलं. ९ इंची विटांच्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी चार दिवसांत जात नाही, आणि वरून पुट्टी मारली की ते आतच कोंडतं. फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं, भिंत उघडी ठेवली, विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहिलो. देवघर तेवढ्यापुरतं आईच्या खोलीत हलवलं. दर रविवारी भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चिकटवायचा आणि सोमवारी सकाळी बघायचं. त्यात पाऊस सुरू झाला, त्यामुळे वाळायला वेळ लागला. सहाव्या आठवड्यातही प्लास्टिकच्या आत बारीक थेंब होते. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा ते कोरडं निघालं. आणखी दोन सोमवार पाहिले, मग प्लास्टर केलं, ते सुकू दिलं आणि दिवाळीच्या आधी पेंटरला फोन केला.